चेन सटकते म्हणून आलेली माणसं

पंक्चर काढायला दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात माणूस मोबाईल बघतो आणि निघून जातो. ब्रेकचंही तसंच. पण पायडल मारताना चेन सटकते म्हणून कोणी आलं, की त्याला बसावंच लागतं. कारण चेन का सटकते ते नुसतं चेनकडे बघून कळत नाही. मागचं चाक ढिलं असेल, एखादी कडी जाम असेल, दाते झिजले असतील, नाहीतर फ्रीव्हील आतून गेलं असेल. एकेक करून तपासावं लागतं. तास जातो. आणि तासभर गप्प बसणारा माणूस मी अजून बघितला नाही. त्यातून ज्याच्याशी घरी बोलायला कोणी नाही, तो तर विचारूच नका!

बोईसरला एमआयडीसीच्या रस्त्यावर माझं सायकल दुरुस्तीचं पत्र्याचं दुकान आहे. मी मूळचा खटावकडचा. फिटर म्हणून इथं आलो, कंपनी बंद पडली, पाने हातात होतेच. बायको गावी राहिली, आईला सांभाळायला. आई गेली, पण तोवर गावचं घर, म्हशी, भावकी सगळं तिच्याच अंगावर पडलेलं. ती तिकडे, मी इकडे, अशी सव्वीस वर्षं झाली. जुन्या चेनांचा ढीग भंगारवाला घेऊन जातो. ऐकलेलं कोण घेऊन जाणार? ते माझ्याकडेच साठत गेलं.

* * *

रामअवतार नावाचा एक बिहारी कामगार आहे, कापडाच्या कंपनीत. पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, "मिस्त्रीजी, चेन फिसलती है." मी सायकल स्टँडला लावली. तेवढ्यात त्याने खिशातून मोबाईल काढला, व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा थेट माझ्या हातांवर धरला.

पडद्यावर एक म्हातारा. पांढऱ्या मिशा, डोळे बारीक केलेले. रामअवतारचा बाप! तिकडे गावात त्याचंही सायकलीचंच दुकान.

"पिछला चक्का देखो," म्हातारा म्हणाला.

"देख लिया चाचा, टाइट है."

"तो कड़ी देखो. एक कड़ी जाम होगी."

मला राग आला. तीस वर्षं पाना धरतोय, आणि हा हजार मैलांवरून मला शिकवतोय! म्हटलं, "चाचा, कड़ी नहीं, दाँत घिसे हैं." पायडल उलटं फिरवून दाखवलं. आणि तिथंच एक कडी टक्कन वाकडी वर आली. म्हातारा नुसता मिशीत हसला आणि फोन बंद केला.

पुढच्या आठवड्यात रामअवतार परत हजर. चेन सटकते. परत फोन, परत म्हातारा, परत कडी जाम. तिसऱ्या आठवड्यातही तेच. मग मात्र मी कडी नीट निरखून बघितली. तिच्यावर दगडाने ठोकल्याच्या ताज्या खुणा!

"ये क्या है रे?"

तो कडीवरच्या खुणा बोटाने पुसायला लागला. मग म्हणाला, "दुकान छोड़ के आया ना, तब से पिताजी बात नहीं करते. तीन साल हो गए. लेकिन साइकिल बिगड़ी बोला, तो फोन उठाते हैं."

मी कडी मोकळी केली, तेल सोडलं, हात पुसले. म्हटलं, "अगले हफ्ते कड़ी मत ठोकना. हर बार कड़ी कैसे जाम होगी? बूढ़ा पहचान लेगा. अगले हफ्ते पिछला चक्का ढीला करेंगे!"

* * *

इथल्याच समुद्रकाठच्या नवापूरच्या दामूकाकांनी आयुष्यभर होडी चालवली. गुडघे गेले तशी होडी विकली आणि सायकल घेतली. खाऱ्या वाऱ्याने सायकलीची चेन वर्षाच्या आत गंजते, पण काकांच्या चेनवर गंजाचा ठिपका नव्हता. तिच्यावर काळ्या डांबरासारखा थर होता आणि त्यात समुद्राची वाळू बसलेली. चेन सटकणार नाही तर काय?

"काय लावता हो हिला?"

"मुशीचं तेल. होडीला लावायचो ना आमी. डबा उरलेला, म्हटलं फुकट कशाला घालवायचा."

मुशी म्हणजे मोठा मासा, शार्क. त्याच्या काळजाचं तेल लाकडाला लावलं की लाकूड कुजत नाही. पण वास! सायकल दुकानात घेऊन पाच मिनिटं झाली नसतील, समोर दोन मांजरं येऊन बसली. अर्ध्या तासात सहा झाली. एक तर थेट पायडलवर चढलं. गिऱ्हाइकं थांबून फोटो काढायला लागली!

मी चेन डिझेलमध्ये तासभर भिजवली, ब्रशने घासली, चांगलं मशीनचं तेल घातलं. चेन नव्यासारखी चालायला लागली. काका खूश होऊन गेले.

पंधरा दिवसांनी परत आले. मी विचारलं, "काय काका, परत सटकते का?"

"नाय रे. चेन एकदम बरी हाय."

"मग?"

काकांनी पिशवीतून तो जुना डबा काढून बाकड्यावर ठेवला. "हेच टाक परत."

"अहो, परत वाळू धरेल. परत सटकेल!"

"सटकू दे. म्हातारी गेल्यापासनं दारात सायकल लावली का ती मांजरा तरी धावत यायची. आता कोणच येत नाय."

* * *

फ्रीव्हील म्हणजे मागच्या चाकावरचं दात्यांचं चक्र. त्याच्या आत पोलादाचे दोन बारीक खटके असतात. पायडल मारलं की ते दात्यात अडकतात आणि चाक फिरतं. आम्ही मिस्त्री लोक त्यांना कुत्रे म्हणतो. का म्हणतो ते मला माहीत नाही. मला ज्याने शिकवलं तो म्हणायचा, म्हणून मी म्हणतो.

रिटायर झालेल्या एक नर्सबाई आहेत, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. मुलगा परदेशात, बाई एकट्या. त्यांची लेडीज सायकल आली. पायडल मारलं की पाय रिकामाच फिरायचा. बाई सायकल ठेवून घरी गेल्या. मी फ्रीव्हील उघडलं तर आत गंजाचा चिखल, आणि खटके जागचे हलेनात. फोन लावला.

"सिस्टर, तुमचे दोन्ही कुत्रे मेलेत."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

"दोन्ही?" बाईंचा आवाज कसातरीच झाला होता. "सकाळीच तर पोळी घातली होती मी त्यांना..."

मी काही सांगायच्या आत फोन बंद. दहा मिनिटांत बाई रिक्षातून उतरल्या. पायात दोन वेगवेगळ्या चपला! "कुठे आहेत? गाडीखाली आले का?"

मी तळहात पुढे केला. त्यावर नखाएवढे दोन पोलादाचे तुकडे.

मग मला सगळं उलगडून सांगावं लागलं. बाई आधी बघत राहिल्या, मग हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मग हसू थांबलं, पण पाणी काही थांबेना. मी बाकड्यावर फडकं टाकलं, त्यांना बसवलं आणि चहा मागवला. दुसरं काय करणार? चहा निवून गेला तरी बाई तिथंच बसून होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतोय, तर बाई समोर. मागे दोन गावठी कुत्री, एक तांबडं, एक काळं.

"मिस्त्री, हे दोघं," बाई म्हणाल्या. "नीट बघून ठेवा. पुन्हा फोन करायच्या आधी खात्री करून घ्या!"

* * *

एक किस्सा माझा स्वतःचाच.

दोन वर्षांपूर्वी गणपतीला गावी गेलो होतो. दहा दिवसांची सुट्टी. दोन दिवस झोपलो. तिसऱ्या दिवशी काय करावं कळेना. बायकोला मदत करायला गेलो तर ती म्हणाली, "तुम्ही बसा हो, तुम्हाला सापडायचं नाही." खरंच होतं. माझ्याच घरात मला साखरेचा डबा सापडत नव्हता.

शेवटी ओट्यावर येऊन बसलो. शेजारची शाळकरी पोरगी सायकल ढकलत चालली होती, चेन लोंबत होती. म्हटलं, आण इकडे. मागचं चाक सरकलं होतं, बाकी काही नाही. चाक मागे ओढून नट आवळले, चेनला ताण दिला. पाच मिनिटांचं काम, पण इतक्या वर्षांत त्या गल्लीत मी केलेलं ते पहिलंच काम असेल.

आतून तिच्या आईने विचारलं, "कोण करून देतंय गं?"

पोरगी ओरडून म्हणाली, "काकूंकडे पाहुणे आलेत ना, ते!"

* * *

एक बंद पडलेला कारखाना आहे. नाव सांगत नाही, इथं तसे बरेच आहेत. तिथं यादव नावाचे वॉचमन आहेत, मराठवाड्यातले. यंत्रं गेली, माणसं गेली, नुसते शेड उभे आहेत. यादव दिवसाचे एकटेच. कंपाउंड मोठं, म्हणून राऊंड मारायला कंपनीच्या काळातली सायकल. तिची चेन सटकायला लागली. गेट सोडून येता येईना, म्हणून त्यांनी मलाच बोलावलं.

भर दुपारी पोचलो. यादव कडक इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये गेटवर उभे. बूट पॉलिश केलेले. मी सायकल आत घालणार तर हात आडवा केला.

"आधी एन्ट्री."

"अहो यादव, तुम्हीच बोलावलंत ना मला?"

"नियम आहे."

टेबलावर रजिस्टर होतं. धूळ पुसलेलं, पेन दोरीने बांधलेलं. मी नाव लिहिलं, वेळ लिहिली, येण्याचं कारण लिहिलं. पुढचा रकाना होता, कोणास भेटावयाचे. तिथं माझं पेन थांबलं.

"इथं काय लिहू? आत तर कोणीच नाही."

यादवांनी टोपी नीट केली. जरा इकडं तिकडं बघितलं.

"माझं नाव लिहा की," ते म्हणाले. "तीन वर्षांत कोणी लिहिलं नाही."

मी लिहिलं. अक्षर चांगलं काढून लिहिलं. मग चेन बघायला घेतली. ती लांबली होती, दोन कड्या काढून जोडली. काम अर्ध्या तासाचं होतं. मी संध्याकाळपर्यंत तिथंच होतो!

* * *

आता पाटणकर साहेबांचा.

पाटणकर पॉवर प्लांटमधून रिटायर झालेले. हुशार माणूस, पण सगळं स्वतः करायची खोड. एक दिवस सायकल घेऊन आले, वैतागलेले.

"मिस्त्री, चेन सटकत होती म्हणून मी घरीच नवी चेन टाकली. आता आधीपेक्षा जास्त सटकते! असं कसं?"

मी बघितलं. चेन कोरी करकरीत. पण पुढचे-मागचे दाते झिजून आकड्यासारखे टोकदार झालेले.

"सटकणारच साहेब," मी म्हणालो. "जुनी चेन आणि हे दाते इतकी वर्षं एकत्र झिजले. एकमेकांना धरून झिजले. आता त्या दात्यांवर ही नवी कशी बसेल? चेनचा काही दोष नाही. चांगली आहे बिचारी. पण हे दाते तिच्यासाठी नाहीत."

साहेबांनी एका झिजलेल्या दात्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं, बिघाड समजून घेतायत.

"मग करायचं काय?"

"एक तर जुनीच चेन परत टाका आणि हळूहळू चालवा. नाहीतर..."

"जुनीच टाका," साहेब एकदम उठले. माझं 'नाहीतर' हवेतच राहिलं. त्यांनी पिशवीत आणलेली जुनी चेन मी टाकली आणि ते सायकल हातात धरून चालत निघून गेले.

दहा-बारा दिवसांनी दुकानासमोर एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, खांद्याला पर्स. एसटीने आलेल्या असाव्यात, चेहरा उन्हाने लाल झालेला.

"पाटणकरांची सायकल दुरुस्त करणारे मिस्त्री तुम्हीच का?"

"हो. तुम्ही?"

"मी नवी चेन," बाई म्हणाल्या.

मला काही कळेना. त्या बाकड्यावर बसल्या आणि शांतपणे सगळं सांगितलं. नाव सुनंदा, राहायला माकुणसारला, सफाळ्याच्या एका शाळेत क्लार्क. वडील बरीच वर्षं अंथरुणाला खिळलेले, त्यांचं करण्यात लग्न राहून गेलं. वडील मागच्या वर्षी गेले. पाटणकरांची बायको त्याच्याही आधी गेलेली. नातेवाइकांनी दोघांची गाठ घालून दिली. पालघरला तीनदा भेटले, तीनदा चहा घेतला, तीनदा छान गप्पा झाल्या.

"आणि मग त्यांचा फोन आला. म्हणाले, मिस्त्री सांगत होते, जुन्या दात्यांवर नवी चेन बसत नाही."

मला धरणीत शिरावंसं वाटलं. "अहो ताई! मी फक्त सायकलचं बोलत होतो हो! मला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं!"

"ते मला समजतंय," सुनंदाताई म्हणाल्या. "त्यांना समजत नाहीये. मला एवढंच विचारायचंय, दुसरा काही उपाय नसतोच का?"

"असतो की! तेच तर सांगत होतो, त्यांनी अर्धवट ऐकलं. चेनबरोबर दातेही नवे टाकायचे. पुढचे, मागचे, सगळे. मग मस्त चालते."

"सगळेच बदलायचे?"

"हो."

त्यांनी थोडा विचार केला. "या वयात?"

आणि आम्ही दोघंही हसलो. चहा झाला. जाताना म्हणाल्या, "घरी अजून दोघांचाच स्वयंपाक होतो हो माझ्याकडून. हाताला तीच सवय. सकाळचंच संध्याकाळी खाते." मग पर्स खांद्याला लावली आणि एसटी स्टँडकडे चालायला लागल्या.

मला राहवेना. संध्याकाळी दुकान बंद करून मी नवं फ्रीव्हील आणि पुढचं दात्यांचं चक्र पिशवीत घातलं आणि पाटणकरांच्या घरी गेलो. सुनंदाताई आल्या होत्या हे बोलायचं धाडस काही झालं नाही. म्हटलं, "साहेब, त्या दिवशी माझं पुरतं सांगून झालं नव्हतं. दाते आणि चेन दोन्ही बदलू. माझ्याकडून. अर्ध्या तासात करतो."

साहेब दारातच उभे होते. मागे खोलीत टीव्ही चालू, आवाज बंद.

"नको मिस्त्री," ते म्हणाले. "चढावर सटकते ना, तिथं मी उतरतो आणि चालतो. चालायला येतं अजून."

पिशवी तशीच घेऊन परत आलो. जेवलो. बायकोचा रोजचा फोन आला, "जेवलात का?" म्हटलं, "जेवलो." तिला हे सगळं सांगायचं होतं, पण फोनवर कुठून सुरुवात करायची कळलं नाही.

मध्ये दोन-अडीच महिने गेले. साहेब दुकानाकडे फिरकले नाहीत. त्या काळात काय झालं, कोण कोणाला काय बोललं, मला खरंच माहीत नाही.

एका सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी मी नवापूरकडून सायकलवर परत येत होतो. समोरून दोघं जण समुद्राकडे चालले होते. साहेबांनी सायकलचं हँडल धरलेलं, आणि सायकलच्या पलीकडून सुनंदाताई चालत होत्या. रस्ता सपाट होता. चढ नव्हता, खड्डा नव्हता. मी उतरलो. सवयीने नजर आधी चेनकडे गेली. तीच जुनी.

"काय साहेब, सपाटीलाही सटकायला लागली?" मी म्हणालो. "उद्या आणा. सगळं बदलून देतो."

साहेब काही बोलायच्या आत सुनंदाताईंनी हात हलवला.

"नको हो मिस्त्री! नीट झाली, तर हे बसून पुढे निघून जातील."